दोष गुरुवारचा नव्हता

"मॅडम, फक्त सही पाहिजे," असं म्हणत शेळके सरांनी फिटनेस सर्टिफिकेटचा कागद माझ्यापुढे सरकवला. "बाकी काही नाही. पोरगी एकदम ठणठणीत आहे. उपास सोडला की विषय संपला."

समोर तीन खुर्च्या होत्या, तीन माणसं होती आणि निदान एकच होतं. शेळके सर फौजेतून निवृत्त झालेले. राहात्याजवळ पोलीस भरतीची अकॅडमी चालवतात. त्यांच्या शेजारी भाऊसाहेब आणि मंदाताई, पेरूची बाग असलेले नवराबायको. आणि जिच्यासाठी ही सगळी मंडळी संगमनेरला माझ्याकडे आली होती ती त्यांची मुलगी ऋतुजा मात्र भिंतीला टेकून उभी होती. तिचं नाव इथे बदललं आहे. विशीतली, उंच, काटक, आणि चेहऱ्यावर 'लवकर आटपा' असा भाव.

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे, शुगर-बीपीवाले. विशीतलं माणूस क्वचित येतं आणि येताना बरोबर एक शब्द घेऊन येतं, 'वीकनेस'. या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. चक्कर आली, वीकनेस. छातीत धडधडलं, वीकनेस. सासूशी बोलणं बंद आहे, तरी वीकनेसच. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, एक सलाईन लावून टाका.

"काय झालं होतं?" मी ऋतुजाला विचारलं.

उत्तर मंदाताईंनी दिलं. "चक्कर आली वो मॅडम. गुरुवारचा उपास करती ना ती. पोटात काय न्हाई आन वरून पळायचं. मंग वीकनेस येनारच."

"किती वेळा पडली?"

"दोनदा. दोन्ही येळंला गुरुवारीच," भाऊसाहेब म्हणाले. "आता तुमीच सांगा."

पुरावा तसा भक्कम होता. शिर्डीच्या आसपासच्या गावांत गुरुवारी उपास नसलेलं घर शोधावं लागतं. त्यात शेळके सरांनी आणखी एक साक्ष काढली.

"मधल्या एका गुरुवारी मी स्वतः तिला केळी खायला लावली. उपास मोडायला लावला. त्या दिवशी पळाली, काहीसुद्धा झालं नाही. नंतर हिनं पुन्हा उपास धरला आणि पुन्हा पडली. मॅडम, आता याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे?"

कुणीही डॉक्टर इथे मान डोलावेल. फाईलही मान डोलवायला लावणारीच होती. ईसीजी नॉर्मल. दुसरीकडे केलेला इको नॉर्मल. ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती टीएमटी, तीही नॉर्मल. रक्त थोडं कमी होतं, पण आपल्याकडच्या मुलींमध्ये ते कुणाचं नसतं?

"तू सांग," मी ऋतुजाला म्हटलं. "पडायच्या आधी काय वाटतं?"

तिनं आधी सरांकडे पाहिलं. सरांसमोर दुखतंय म्हणणं तिच्या शिस्तीत बसत नसावं.

"छातीत गच्च होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"शेवटच्या राऊंडला. जोर काढायला जाते तेव्हा. मग कान बंद झाल्यासारखे होतात. मग काय आठवत नाही."

"हे तू आम्हाला कधी बोलली नाहीस," सर म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही, सर. उपास आहे का एवढंच विचारलं."

मी पेन खाली ठेवलं. उपाशी माणसाला चक्कर येते तेव्हा ती सहसा सांगून येते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस कुठेतरी टेकतो. धावणं संपवून उभं राहिल्यावर गरगरणं हेही पुष्कळदा साधंच असतं. पण पूर्ण जोरात धावताना छाती आवळणं आणि धावता धावताच कोसळणं, हे वेगळं प्रकरण आहे. ते ऐकलं की हृदयाच्या डॉक्टरनं जागं व्हायचं असतं.

"उपास फक्त गुरुवारीच करतेस?"

"चतुर्थीला पण करते."

"तो कसा असतो?"

"चंद्र दिसेपर्यंत काहीच नाही. गुरुवारी तरी साबुदाणा असतो."

"चतुर्थीला मैदानावर जातेस?"

"रोज संध्याकाळी जाते. सर सुट्टी देत नाहीत."

"चतुर्थीला कधी पडलीस?"

ती विचारात पडली. मंदाताईही विचारात पडल्या.

"नाही," ती म्हणाली.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मी शेळके सरांकडे वळले. "सर, गुरुवारी मैदानावर काय असतं?"

"ट्रायल असते. आठशे मीटर. टायमिंग घेतो."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी लाँग रन, व्यायाम, गोळाफेक. जीव तोडून पळायचं ते फक्त ट्रायलला."

"ट्रायल गुरुवारीच का?"

या प्रश्नाचं त्यांना आश्चर्य वाटलं. "मॅडम, बाबांचा वार. आमच्याकडं चांगलं काम गुरुवारीच करतात. अकॅडमीचा नारळसुद्धा गुरुवारीच फोडलाय."

"आणि केळी खाऊन पळाली त्या गुरुवारी तिचं टायमिंग काय आलं?"

"त्या दिवशी तिचं टायमिंग घेतलंच नाही. आधी पडली होती ना, म्हटलं आज नुसतं जॉगिंग..."

वाक्य तिथेच थांबलं. फौजेतला माणूस, त्याला दोन आणि दोन चार हे सांगावं लागत नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हणजे ही उपासानं नाही पडत. जोर लावल्यानं पडते."

"बहुतेक."

"आयला," सर म्हणाले, आणि मग 'सॉरी मॅडम' म्हणाले.

भाऊसाहेब मात्र अजून कागदाकडेच बघत होते. "मंग सहीचं? मंगळवारी ग्राउंड हाय हिचं."

भरतीच्या मैदानी चाचणीला आमच्याकडची मुलं 'ग्राउंड' म्हणतात. ग्राउंड म्हणजे वर्षभराच्या घामाचा निकाल. ऋतुजानं त्यासाठी किती पहाटा आणि किती संध्याकाळी घालवल्या असतील हे तिच्या पायांकडे बघूनच कळत होतं.

"सही आज मिळणार नाही," मी म्हणाले.

ती पहिल्यांदा भिंतीपासून पुढे आली. "मग दुसरीकडून घेऊ. कुणीपण देईल."

त्यात खोटं काही नव्हतं. नॉर्मल फाईल हातात असताना कुणीही दिली असती. मंगळवारी ती मैदानावर उभी राहिली असती आणि तिथे केळं खाल्लेलं असो वा नसो, ट्रायलपेक्षाही जास्त जोर लावला असता. मला खरंच भीती वाटली. वरकरणी मी आवाज चढवला, कारण भीती वाटली की माझा आवाज चढतो.

"जा की. पण आधी मला तुझा इको करू दे. तेवढा वेळ थांब. त्यात काही नाही सापडलं तर मी स्वतः सही करून देते."

"नक्की?"

"नक्की. पण सापडलं, तर मी सांगेन तसं वागायचं."

तिनं आईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

आता थोडं शाळेतलं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण आतून वाहणाऱ्या रक्तातून स्वतः जवळजवळ घोटभरही पीत नाही. बँकेतल्या कॅशिअरसारखं, दिवसभर हाताखालून जातं ते त्याचं नसतं. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून, दोन बारीक रक्तवाहिन्यांतून. त्यांना कोरोनरी म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या महारोहिणीच्या अगदी बुडाशी या दोघींची तोंडं असतात. डावी डावीकडून निघते, उजवी उजवीकडून. लोकांना 'ब्लॉकेज' होतात ते याच वाहिन्यांत.

विशीतल्या मुलीला ब्लॉकेज सहसा नसतात. पण क्वचित कुणाची वाहिनी आईच्या पोटात तयार होतानाच चुकीच्या जागेवरून निघते. फार विरळा गोष्ट आहे ही. नेहमीचा इको करताना झडपा बघतात, हृदय किती जोमानं आकुंचन पावतं ते बघतात. ते सगळं अशा माणसात छान असतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो आणि तो खोटाही नसतो. वाहिन्यांची तोंडं मुद्दाम शोधावी लागतात.

मी शोधायला बसले. ऋतुजा कुशीवर झाली, मी प्रोब तिच्या छातीवर ठेवला आणि महारोहिणीचा आडवा छेद पडद्यावर आणला. उजवी वाहिनी जागेवर होती. डावीच्या जागी काही दिसेना. कधीकधी कोनामुळे दिसत नाही, म्हणून कोन बदलला. तिला श्वास सोडून धरायला लावलं. पुन्हा बदलला. मग उजव्या बाजूलाच दुसरं एक बारीक तोंड लुकलुकताना दिसलं. त्यातून निघालेली वाहिनी डावीकडे चालली होती, आणि जाताना महारोहिणी आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी, या दोघींच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून वाट काढत होती.

दुर्मीळ आजार सापडला की डॉक्टरला आनंद होतो. हे पेशंटला सांगायचं नसतं, पण होतो. मी मनातल्या मनात एक शिट्टी वाजवली. दुसऱ्या क्षणी माझ्या लक्षात आलं की ही मुलगी दोनदा पडून दोनदा उठली आहे. याच आजाराचे काही खेळाडू पहिल्यांदा पडतात ते उठतच नाहीत. माझी शिट्टी तिथेच विरली.

"सापडलं का?" ऋतुजानं विचारलं.

"वाटतंय. पक्कं करायला सीटी अँजिओग्राफी लागेल. तोपर्यंत पळायचं नाही. बस पकडायलासुद्धा नाही."

बाहेर भाऊसाहेबांनी संगमनेरकरांचा जुनाच प्रश्न विचारला. "नाशिक का पुनं?"

आमचं गाव दोघांच्या मधोमध. पेशंट जरा गंभीर झाला की घरात दोन पक्ष पडतात. मी सांगितलं, तपासणी नाशिकला, पुढचं काही करावं लागलं तर पुण्याला. दोन्ही पक्षांचं समाधान झालं.

नाशिकला माझा एक बॅचमेट रेडिऑलॉजिस्ट आहे. त्याला फोन केला.

"विशीतली मुलगी? आणि कोरोनरीचा सीटी?" तो हसला. "ब्लॉकेज कुठून आणू मी तिच्यात?"

"ब्लॉकेज बघूच नकोस. डावी वाहिनी निघते कुठून, तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी ओपीडी भरलेली असताना त्याचा फोन आला. आवाजात थट्टा नव्हती. "अगं, बरोबर आहेस तू. डावी उजव्या बाजूनं निघाली आहे. तोंड गोल नाही, नुसती फट आहे. आणि सुरुवातीचा भाग महारोहिणीच्या भिंतीच्या आतून गेलाय. इकोवर कशी काय सापडली तुला?"

"चतुर्थीमुळे," मी म्हणाले. त्याला कळलं नाही. मी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी सगळे पुन्हा माझ्यासमोर. या वेळी ऋतुजा खुर्चीत बसली होती आणि शेळके सर उभे होते. मी कागदावर चित्र काढून दाखवलं.

"जन्मापासून असं हाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जन्माच्या आधीपासून."

"मंग इतकी वरसं कसं काय चाललं?"

"बसलेली असताना, चालताना, हळू पळताना काम भागतं. पूर्ण जोर लावला की हृदयाला रक्त कितीतरी जास्त लागतं. आणि त्याच वेळी बाजूच्या मोठ्या वाहिन्या रक्तानं टम्म फुगतात. मधली ही बारीक वाहिनी आवळली जाते. ज्या वेळी पाणी जास्त पाहिजे त्याच वेळी नळ बंद."

भाऊसाहेब चित्राकडे टक लावून बघत राहिले. ठिबकवर बाग सांभाळणारा माणूस. "म्हंजी नळीचा जोड चुकीच्या जागी बसलाय. आन नळी दोन मेन लाईनींच्या मधी चेपलीय. मोटर फुल्ल सोडली की चेपतीय."

"बरोबर."

"मंग जोड काढून नीट बसवायचा."

"तेच करायचं."

इतक्या सोप्या भाषेत ऑपरेशनला संमती मला आजवर कुणी दिली नव्हती. पण मंदाताईंनी पदर हातात गच्च धरला होता.

"मॅडम, माज्या पोटात व्हती तवा माजं काय चुकलं का? खान्यापिन्यात, कामात?"

"काही चुकलं नाही. तुमचंही नाही, तिचंही नाही. कुणाचंच नाही."

"आन उपासाचं?"

"उपासाचा तर मुळीच दोष नाही."

त्या रडल्या. मग डोळे पुसून पुढचा प्रश्न विचारला, तो आमच्याकडे येणारच असतो. "छातीवर टाके दिसतील का? उद्या लग्नाचं बघायचं..."

"आई," ऋतुजा म्हणाली. तेवढंच. मग माझ्याकडे वळली. "मी परत पळणार का?"

हृदयरोगतज्ज्ञानं वचनं देऊ नयेत असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी म्हणाले, "मंगळवारी नाही. ही भरती गेली असं धर. पण ऑपरेशन नीट झालं आणि नंतरच्या तपासण्या स्वच्छ आल्या, तर मी तुला पुन्हा मैदानावर उभी करीन. आणि त्या दिवशी मी तिथं हजर असेन."

ती भरती गेली याचं तिला फार वाईट वाटलं. ती मान खाली घालून रडली आणि कुणी तिला गप्प केलं नाही. शेळके सरांनी माझ्या टेबलावरचा तो कोरा फॉर्म उचलून घडी घालून खिशात ठेवला.

पुण्याच्या सर्जनशी माझं बोलणं झालं. महारोहिणीच्या भिंतीत लपलेला वाहिनीचा भाग आतून उघडायचा, म्हणजे फटीच्या जागी मोठं तोंड तयार होतं आणि तेही चिंचोळ्या जागेच्या पलीकडे, योग्य बाजूला. याला 'अनरूफिंग' म्हणतात, म्हणजे छप्पर काढणं. सर्जननं फिल्म बघितली, हे करण्यासारखं आहे म्हणाले, आणि ऑपरेशनचा वार दिला. गुरुवार.

फोनवर मंदाताईंनी साफ नकार दिला. "दुसरा कोनताबी वार चालंल. गुरुवार नगं. हा वार तिला सोसत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. उपासाला आरोपातून सोडवून आणलं तर आता वार पकडला. "मंदाताई, गुरुवारनं काय केलंय हो? दोष गुरुवारचा नव्हता. ट्रायल गुरुवारी होती म्हणून ती गुरुवारी पडली. सरांनी ट्रायल बुधवारी ठेवली असती तर तुम्ही बुधवारला नावं ठेवली असती."

"तसं न्हाई मॅडम. मनात येतं."

मनात येतं याला औषध माझ्याकडे नाही. मी शेळके सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर त्याच संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर गेले. तिथे काय झालं ते मला नंतर ऋतुजानं सांगितलं. सरांनी चहा घेतला, पेरूची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "वहिनी, आपली ट्रायल गुरुवारीच असते."

ऑपरेशन गुरुवारी झालं.

मी त्या दिवशी ओपीडी चालू ठेवली होती, पण माझं लक्ष नव्हतं. एका आजोबांना मी तोच प्रश्न दोनदा विचारला, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आज तुमालाच वीकनेस हाय का?" दुपारी सर्जनचा फोन आला. वाहिनीचं तोंड आता छान मोठं झालं होतं, रक्त मोकळं वाहत होतं, ऑपरेशनसाठी थांबवलेलं हृदय पहिल्या हाकेला चालू झालं होतं. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. मग दार उघडून पुढच्या पेशंटला पेढा दिला. त्याला शुगर होती, म्हणून परत घेतला.

पुढचे महिने सोपे नव्हते. छातीचं हाड जुळेपर्यंत वजन उचलायचं नाही, आडवंतिडवं झोपायचं नाही. ज्या मुलीला बसवत नाही तिला बसवून ठेवणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड काम, आणि ते मंदाताईंनी केलं. चालणं सुरू झालं, मग भरभर चालणं. प्रत्येक तपासणीला ऋतुजा एकच विचारायची, "आता?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." ती माझ्यावर रागावलेली असायची. मला ते आवडायचं. रागावणारा पेशंट बरा होतो असा माझा अनुभव आहे, त्याला शास्त्रीय आधार शून्य.

अखेर एक दिवस तिला माझ्यासमोर टीएमटीवर चढवली. या वेळी नेहमीच्या ठिकाणी न थांबता ती दमेपर्यंत पळवली. पट्टा सुसाट, पडद्यावर ईसीजीची रेषा नियमित, स्वच्छ.

"छातीत?"

"काही नाही."

"गच्च?"

"नाही मॅडम. दम लागतोय फक्त."

"दम लागू दे. पळताना दम लागतोच."

सीटी पुन्हा केला, सर्जननं पाहिला, परवानगी दिली. तिनं हळूहळू सराव वाढवला. आणि मग शेळके सरांचा फोन आला. "मॅडम, शब्द दिला होता तुम्ही. ट्रायलला या."

"कधी आहे?" मी विचारलं, आणि मग दोघंही हसलो.

लोणीमार्गे राहात्याला गेले. गाडीत डिफिब्रिलेटर ठेवला होता, म्हणजे वेळ पडली तर हृदयाला शॉक देणारं यंत्र. विश्वास वेगळा, तयारी वेगळी. मैदान म्हणजे शाळेमागचं माळरान, चुन्यानं आखलेला गोल, कडेला बाभळी. भाऊसाहेब ट्रॅक्टर लावून त्याच्या मडगार्डवर बसले होते. मंदाताई मैदानाकडे पाठ करून उभ्या होत्या.

शिट्टी झाली. पोरी सुटल्या. ऋतुजा पहिल्या राऊंडला मधल्या घोळक्यात होती. मी रेषेवर उभी होते आणि माझा हात माझ्याच नाडीवर होता. शेवटचा राऊंड आला. याच राऊंडला तिची छाती आवळायची, याच वळणावर ती पूर्वी कोसळली होती. सरांनी नुसतं हातानं मला ते वळण दाखवलं.

वळणावर तिनं जोर काढला. मान वर, कोपरं आत. एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं. वळण संपलं आणि ती सरळ रेषेवर आली, पळतच होती. भाऊसाहेब मडगार्डवर उभे राहिले. मंदाताई कधी वळल्या ते मला कळलं नाही, पण त्या माझा दंड धरून होत्या आणि तो नंतर दोन दिवस दुखत होता.

ऋतुजा पहिली आली नाही, दुसरी आली. सरांनी घड्याळ बघितलं, पुसलं, परत बघितलं.

"ऑपरेशनच्या आधीपेक्षा भारी टायमिंग," ते म्हणाले.

भारी येणारच होतं. इतकी वर्षं ती चेपलेल्या नळीवर पळत होती. मोकळ्या नळीवर काय करू शकते हे आम्ही सगळे पहिल्यांदा बघत होतो, तीसुद्धा. मला रडू आलं, आणि हृदयरोगतज्ज्ञानं मैदानावर रडू नये असं कुणी शिकवलेलं नसल्यामुळे मी रडले.

ती धापा टाकत माझ्याजवळ आली. मी आधी नाडी धरली, मग मिठी मारली.

"काय खाल्लं होतंस पळायच्या आधी?"

ती हसली. "काही नाही. गुरुवार आहे ना मॅडम. उपास."

शेळके सरांनी खिशातून घडी पडलेला एक कागद काढला. तोच फॉर्म, कडा झिजलेल्या.

"आता फक्त सही पाहिजे," ते म्हणाले.

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून मी तो भरला. ऑपरेशन काय झालं, कधी झालं, आजची स्थिती काय, सगळं स्पष्ट लिहिलं आणि खाली सही केली. पुढे भरतीचं मेडिकल बोर्ड त्यांच्या पद्धतीनं तिला तपासेल आणि काय ते ठरवेल. ती पळू शकते का, हा प्रश्न मात्र त्या मैदानावर सुटला होता.

"बाबांनी केलं सगळं," मंदाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "आन तुमीबी होता."

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी ही गोष्ट सांगते. पेशंट कधी पडला, हे घरचे न विचारता सांगतात. तो कधी पडला नाही, ते आपल्याला विचारावं लागतं. आणि केळी खाऊ घालायला हरकत नाही, पण पुरावा म्हणून ती धरू नयेत.